बीपीला दुसरी गोळी कशाला, म्हणणाऱ्यांना उत्तर

निरंजन: काल इथे कुणीतरी लिहिलं, "दोन गोळ्या म्हणजे दुप्पट साइड इफेक्ट. त्यापेक्षा एकीचाच डोस डबल करा." डोकं फिरलं वाचून. डोस दुप्पट केला म्हणून बीपी दुप्पट उतरत नाही, जेमतेम थोडं उतरतं. त्रास मात्र वाढतो. अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी 5 मिलिग्रॅमची 10 केली की कित्येकांचे घोटे सुजतात. 5च ठेवून जोडीला टेल्मिसार्टन ही दुसऱ्या प्रकारची बीपीची गोळी दिली तर बीपी जास्त उतरतं आणि सूजही कमी राहते. जोडी मात्र बघून लावायची. रॅमिप्रिल ही आणखी एक बीपीची गोळी आणि टेल्मिसार्टन एकत्र देऊन झालंय, ऑनटार्गेट चाचणीत, 2008 साली. जास्तीचा फायदा काही नाही, चक्कर आणि किडनीचे त्रास वाढले.

वाटसरू: तो सल्ला माझा आहे. आईला दुसरी गोळी सुरू केली आणि ती उठताना तोल जाऊन पडली. चाचण्या मला सांगू नका.

निरंजन: दुसरी कोणती होती?

वाटसरू: पाण्याची, लघवी वाढवणारी.

मृण्मयी: जोड्यांवर भांडताय, पण पेनकिलरचं कुणी बोलेल का? सासऱ्यांना टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड ही पाण्याची गोळी चालू होती. गुडघ्यांसाठी ते मनानेच रोज डायक्लोफिनॅक घ्यायचे. लघवी कमी झाली, पाय सुजले, रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडल्याची खूण, चढलं. या तिन्ही एकत्र आल्या की किडनीवर घाला पडतो. आणि "दुखण्याची गोळी घेता का?" हे त्यांना एकाही डॉक्टरने विचारलं नव्हतं!

खडूस: मग गुडघेवाल्यांनी कण्हत बसायचं?

मृण्मयी: असं कुठे म्हटलं मी? पॅरासिटामॉल आहे, लावायचं जेल आहे. डॉक्टरांना विचारून घ्या, एवढंच.

खडूस: पॅरासिटामॉलने माझा गुडघा ढिम्म हलत नाही. ज्याचं दुखतं त्यालाच कळतं.

मृण्मयी: आणि ज्याच्या घरात डायलिसिसची भाषा सुरू होते त्याला काहीच कळत नाही?

निरंजन: सर्दीची गोळीही बघून घ्या, स्यूडोएफेड्रिन असेल तर बीपी चढतं. वाटसरू, पाण्याच्या गोळीने वयस्कर माणसांचं सोडियम उतरतं, तोल जातो. त्यात दोष त्या गोळीचा असेल. दोन गोळ्या देण्याचा नाही.

वाटसरू: बरं, "डबल करा" हे सगळ्यांना लागू नाही, मान्य. पण पाण्याची गोळी आईला परत देणार नाही म्हणजे नाही.

निरंजन: नका देऊ, पण डॉक्टरांना पडल्याचं सांगा. बसून आणि उभं राहून, दोन्ही बीपी मोजायला लावा. सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन करून घ्या. आणि बाकीची एकही गोळी मनाने बंद करू नका.