सातनंतर वजन गायब, आणि डिबग करताना लाईट-डार्क थीम पटकन कशी पालटायची?

हळदपट्टी, सांगली

नमस्कार मंडळी. मार्केट यार्डातल्या एका आडत्यासाठी फ्लटरमध्ये (गुगलचं अ‍ॅप बनवायचं साधन) अ‍ॅप केलंय. शेतकऱ्याची हळद आली की पोती, वजन, भाव टाकायचा. हमाली, तोलाई, आडत वजा जाऊन पट्टी तयार. महिनाभर बिनबोभाट चाललं. आता शेठ म्हणतात, "दिवसा सगळं दिसतंय, सातच्या पुढं वजन दिसत नाही." मी म्हटलं, शेठ, चष्म्याचा नंबर वाढला असेल. तर त्यांनी फोटोच पाठवला. पोती दिसतात, भाव दिसतो, वजनाच्या चौकटीत मिट्ट काळोख.

डार्क थीमचा घोळ आहे एवढं कळलं, पण माझ्याकडं काही केल्या तसं होत नाही. फोन डार्क करतो, अ‍ॅप बंद करून उघडतो, तर वजन पांढरंशुभ्र हजर.

शिवाय हे तपासणंच वैतागाचं झालंय. दर वेळी अ‍ॅपमधून बाहेर, सेटिंग, डिस्प्ले, डार्क, परत आत. माझी केबल एवढी सैल की फोन हातात घेतला की कनेक्शन जातं, मग पुन्हा पहिल्यापासून. काल विश्रामबागेतल्या खोलीवर याच नादात चहाचं आधण आटून भांडं करपलं. तुम्ही कसं करता?

मटेरियल 3 (गुगलची डिझाइन पद्धत) आहे, रंग फ्रॉमसीडनं काढलेत, म्हणजे एक मूळ रंग (सीड) दिला की बाकीचे तोच काढतो. शेठना बटणं हळदीसारखी पिवळी हवी होती. पिवळा सीड दिला तर लाईटमध्ये शेवाळी-तपकिरी आली. ते वेगळं रडगाणं.

कृष्णाकाठ

फोनला हात कशाला लावतोस भावा? एडिटरच्या बटणावरून चालवू नकोस, टर्मिनलमध्ये फ्लटर रन दे. अ‍ॅप उभं राहिलं की तिथंच इंग्रजी छोटा बी दाब. एका दाबाला डार्क, दुसऱ्या दाबाला लाईट. आहेस त्याच स्क्रीनवर, भरलेला फॉर्म तसाच. हॉट रिलोडचा (चालू अ‍ॅपमध्येच नवा कोड घालायचा) आर सगळ्यांना पाठ, बी कुणाच्या ध्यानातच येत नाही. छोटा एच दाबलास तर सगळी यादी दिसेल. फक्त थीममोड सिस्टमवर, म्हणजे फोनच्या सेटिंगप्रमाणे, असू दे. लाईटवर ठोकून ठेवला असशील तर बी दाबून बोट दुखेल, बाकी काही हलणार नाही.

मिरजकरीण

बी मीही वापरते, पण तो फक्त फ्लटरची समजूत घालतो. फोन स्वतः होता तसाच राहतो, त्यामुळे कीबोर्ड बदलत नाही. अ‍ॅप उघडताना क्षणभर दिसणारा स्प्लॅशही नाही, तो अँड्रॉइडच्या व्हॅल्यूज-नाईट फोल्डरमधून येतो. म्हणून शेवटी खरा फोन पालटून बघायचाच, एडीबीनं (संगणकावरून फोनला हुकूम द्यायचं साधन): एडीबी शेल सीएमडी यूआयमोड नाईट येस, आणि परत यायला येसच्या जागी नो. टाकताना अर्थात रोमन अक्षरांत. अँड्रॉइड 10 पासून चालतं. आयफोनच्या सिम्युलेटरवर कमांड-शिफ्ट-ए पुरतं.

आणि ती केबल टाकून द्या हो दादा. अँड्रॉइड 11 पासून वायरलेस डिबगिंग आहे.

एक शंका. शेठच्या फोनवर डार्क थीम सूर्यास्त ते सूर्योदय अशी लावलेली नाही ना?

हळदपट्टी, सांगली

ताई, आत्ताच फोन केला. तशीच आहे, नातवानं लावून दिलीय! आणि शेठ पट्ट्या करायला बसतात संध्याकाळी, म्हणजे अ‍ॅप तेव्हा उघडंच असतं.

साताऱ्याचा कोटलीनवाला

मग सापडलं की. तू दर वेळी अ‍ॅप नव्यानं उघडतोस, शेठचं मात्र उघड्या अ‍ॅपवर पालटतं. वजनाच्या विजेटच्या (स्क्रीनवरच्या तुकड्याच्या) स्टेटमध्ये (त्यानं जपलेल्या माहितीत) टेक्स्टस्टाईल (अक्षरांचा रंग-आकार) लेट फायनल करून ठेवलीयस का, उजवीकडं थीम ऑफ कॉन्टेक्स्ट (चालू थीम विचारणारा कोड) लिहून? लेट फायनलची किंमत पहिल्यांदा वाचताना ठरते आणि मग जन्मभर तीच. थीम बदलली की बिल्ड (विजेट उभं करणारं फंक्शन) पुन्हा चालतं, चौकट काळी होते, अक्षरं मात्र दुपारचीच काळी. इनिटस्टेटमध्ये (विजेट तयार होताना एकदाच चालणारं फंक्शन) हेच केलं असतंस तर फ्लटरनं तिथल्या तिथं एरर देऊन कान धरला असता. लेट फायनल गुपचूप चालून जातं.

आमच्याकडं नेटिव्हमध्ये, म्हणजे थेट अँड्रॉइडसाठी कोटलीनमध्ये लिहिलेल्या अ‍ॅपमध्ये, थीम बदलली की अ‍ॅक्टिव्हिटी (अ‍ॅपची स्क्रीन) मुळात नव्यानं उभी राहते, त्यामुळे रंग बरोबर येतात आणि न जपलेला फॉर्म उडतो. फ्लटरच्या मॅनिफेस्टमध्ये (अँड्रॉइडला अ‍ॅपची माहिती देणारी फाईल) कॉन्फिगचेंजेसच्या, म्हणजे कोणत्या बदलांना स्क्रीन नव्यानं उभारायची नाही त्या, ओळीत यूआयमोड आधीच लिहिलेला असतो, म्हणून तुझी स्टेट जिवंत राहते. जुन्या रंगासकट.

हळदपट्टी, सांगली

दादा, पाया पडतो. लॉट भरला, वजनात 12.40 क्विंटल टाकलं, बी दाबला. पहिल्याच दाबाला 12.40 गडप! पुन्हा बी, आकडा परत. मोठा आर दाबून हॉट रिस्टार्ट (अ‍ॅप पहिल्यापासून) दिला की सगळं सोज्वळ, म्हणूनच मला महिनाभर दिसलं नाही. फाईल उघडली तर तीच ओळ, लेट फायनल वजनस्टाईल. दर बिल्डला स्टाईल नको बनवायला म्हणून मीच हुशारी केली होती. आता बिल्डच्या आत घेतली. एडीबीनं खरा फोनही चार वेळा पालटला, वजन जागेवर.

अ‍ॅपची नवीन आवृत्ती शेठना दिली. वजन दिसतंय म्हणाले. पुढचं वाक्य: "बटण अजून हळदीसारखं का नाही?"

मिरजकरीण

फ्रॉमसीड लाईटमध्ये प्रायमरीचा (बटणांना लागणाऱ्या मुख्य रंगाचा) गडद टोन घेतो, 40 चा (0 काळा, 100 पांढरा). पिवळा गडद केला की शेवाळीच होणार. कॉपीविथनं (बाकीचे रंग तसेच ठेवून हवा तो बदलायची सोय) प्रायमरी स्वतः पिवळा द्या आणि ऑनप्रायमरी (त्यावरच्या अक्षरांचा रंग) काळा. पिवळ्यावर पांढरी अक्षरं ठेवलीत तर शेठचा पुढचा फोटो भर दुपारचा येईल.