सिनेमातले प्रसंग वापरून ‘मनातली अढी’ या विषयावर सत्र: काय दाखवायचं, काय टाळायचं?

प्रश्न – दुसरा_रविवार

तालुक्याच्या गावातला, दारू सोडलेल्यांचा फॉलोअप गट आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चौदा-पंधरा जण येतात. कुणाला दारू सोडून दोन महिने झालेत, कुणाला सहा वर्षं. निम्म्यांना इंग्रजी कळत नाही, दोघातिघांना वाचण्याची सवय नाही. हाताशी दोन तास, एक टीव्ही आणि पेन ड्राइव्ह.

पुढच्या सत्राचा विषय आहे मनात धरून ठेवलेला राग: भाऊबंदकी, वाटण्या, वडिलांनी केलेला अपमान, बायकोच्या माहेरचे बोलणे. ‘माफ करून टाका’ असं भाषण ठोकून काही होत नाही, म्हणून सिनेमाचा आधार घ्यायचा आहे. कोणते प्रसंग घ्यावेत? पूर्ण सिनेमा दाखवावा की तुकडे? आणि नंतर लोकांकडून नेमकं काय करून घ्यायचं?

उत्तर – गवत_आणि_रस्ता

पूर्ण सिनेमा अजिबात नको. दोन तासांतले पावणेदोन तास पडद्यावर गेले तर बोलायला वेळ उरत नाही, आणि विषय तर बोलण्याचा आहे. एकूण पंधरा ते अठरा मिनिटांचे तुकडे पुरे. एक तुकडा आठ-दहा मिनिटांच्या वर नेऊ नका.

व्यसनावरच्या सिनेमांची मोठी अडचण अशी की ते पिणं फार बारकाईने दाखवतात. ग्लासात पडणारा बर्फ, बूच उघडल्याचा आवाज, पहिला घोट. गोष्ट कितीही उपदेशाची असो, दोन महिने झालेल्या माणसाचं शरीर गोष्ट ऐकत नाही, आवाज ऐकतं. तोंडाला पाणी सुटतं, हात घामेजतात, आणि हे त्याला तिथल्या तिथे कळतंच असं नाही. तलफ बऱ्याचदा संध्याकाळी घरी गेल्यावर उसळते. म्हणून विषय अढीचा असेल तर ज्यात पिणं जवळपास दिसतच नाही असा सिनेमा घ्या.

माझी निवड १९९९ चा डेव्हिड लिंच दिग्दर्शित ‘द स्ट्रेट स्टोरी’. गोष्ट खरी आहे. आयोवातल्या लॉरेन्स गावचा ७३ वर्षांचा अल्विन स्ट्रेट १९९४ मध्ये गवत कापायच्या, वर बसून चालवायच्या छोट्या यंत्रावर विस्कॉन्सिनपर्यंत सुमारे ३८५ किलोमीटर गेला. डोळे अधू, त्यामुळे मोटार चालवायचा परवाना नाही. सिनेमात त्याचा भाऊ लाइल याला पक्षाघाताचा झटका आलाय आणि दोघांत दहा वर्षं बोलणं नाही. भांडण नेमकं कशावरून झालं हे सिनेमा सांगत नाही. गटासाठी हे फार सोयीचं, कारण प्रत्येक जण त्या रिकाम्या जागी आपलंच भांडण ठेवतो.

तीन तुकडे घ्या:

पहिला, मुक्कामाच्या गावातला. युद्धात भाग घेतलेला दुसरा एक म्हातारा त्याला बारमध्ये घेऊन जातो. अल्विन तिथे दूध घेतो आणि युद्धावरून परतल्यावर पिणं कसं अंगवळणी पडलं होतं ते सांगतो. जागा बारचीच आहे, त्यामुळे नवे लोक जास्त असतील तर हा तुकडा दाखवू नका, नुसता सांगा.

दुसरा, शेवटाकडचा दफनभूमीतला. अल्विन तिथे रात्रीपुरता थांबलाय आणि पाद्री त्याच्याशी बोलायला येतो. राग, अहंकार आणि वर दारू यांनी दोन भावांना कसं तोडलं हे अल्विन दोन वाक्यांत सांगतो. तुमचा विषय इथे आहे.

तिसरा, भावाच्या घराचा. दोघं ओट्यावर बसतात, जवळजवळ काही बोलत नाहीत. माफी मागितली जात नाही. यंत्राकडे बघून भाऊ एवढंच विचारतो की तू यावर बसून मला भेटायला आलास का.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याच्या मध्ये अल्विन एका बारमध्ये थांबून बिअर घेतो, कित्येक वर्षांनी पहिली. सिनेमा त्याकडे समाधानाचा क्षण म्हणून बघतो. तुमच्या गटासाठी तो घातक आहे: ‘इतक्या वर्षांनी एक घेतली तर काय होतं’ हे वाक्य त्यातून आयतंच हाती पडतं. दफनभूमीचा प्रसंग संपला की थांबवा आणि यंत्र रस्त्यात बंद पडतं तिथून पुढे लावा. आदल्या दिवशी त्याच टीव्हीवर दोन्ही जागांची मिनिटं लिहून ठेवा, ऐनवेळी पुढेमागे करताना नेमकी तीच बिअर पडद्यावर येते. कुणी सिनेमा आधी पाहिला असेल आणि विचारलं, तर लपवू नका. सरळ सांगा की ते दृश्य गाळलंय आणि का गाळलंय.

भाषेचा प्रश्न सोपा आहे. संवाद थोडे आणि संथ आहेत. आवाज कमी ठेवून एकाने मराठीत शेजारी बसल्यासारखं सांगत जायचं. फक्त शेवटच्या तुकड्यात गप्प राहा.

उत्तर – चौथा_रकाना

वरच्या निवडीशी सहमत. पण पाहून झाल्यावर ‘कसं वाटलं?’ विचारलंत की सगळे ‘छान होतं, डोळे भरून आले’ म्हणतील आणि सत्र तिथेच संपेल. कागद काढा.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायची संघटना, तिचा मार्ग बारा पायऱ्यांचा. तिच्या १९३९ च्या मूळ पुस्तकात चौथ्या पायरीसाठी, म्हणजे स्वतःचा आढावा घेण्यासाठी, अढीची यादी करायची रीत दिली आहे, तीच वापरा. पुस्तकात तीन रकाने छापलेत, चौथा त्यापुढच्या मजकुरातून येतो. आडवा कागद घ्या.

१. कुणावर राग आहे: माणूस, संस्था किंवा एखादी रीतसुद्धा.
२. काय घडलं: घटना, स्वभाव नव्हे.
३. माझ्या कशाला धक्का लागला: मान, पैसा, सुरक्षितता, नातं, पुढचे बेत.
४. त्यात माझा वाटा काय.

नमुना फळ्यावर लिहून दाखवा, नाहीतर लोक अडतात:

थोरला भाऊ / वाटणीत विहिरीकडचा तुकडा स्वतःच्या नावावर केला / पैसा, घरातला मान / वाटणीच्या बैठकीला पिऊन गेलो, कागद न वाचता सही केली, नंतर चार वर्षं त्याला न विचारता गावभर बोलत राहिलो.

चुका ठरावीक होतात. दुसऱ्या रकान्यात ‘तो पहिल्यापासून स्वार्थीच’ असं लिहिलं जातं. ते खोडायला लावा आणि विचारा, ‘कोणत्या दिवशी, कुठे, काय केलं?’ स्वभावावरचा राग कधीच संपत नाही, एका घटनेवरच्या रागाला निदान कडा असतात. तिसरा रकाना लोक रिकामा सोडतात किंवा ‘मन दुखावलं’ एवढंच लिहितात, पण पुढचं सगळं काम त्यावर उभं असतं. भावावरचा राग पैशाचा आहे की चारचौघांत मान गेल्याचा, हे वेगळं झाल्याशिवाय काय सोडायचं तेच कळत नाही.

चौथ्या रकान्यात दोन टोकं दिसतात. काही जण कोरा ठेवतात. काही जण सगळा दोष अंगावर घेतात, ‘माझ्यामुळेच झालं सगळं’. दुसरं टोक जास्त धोक्याचं, कारण असा माणूस त्या अपराधी भावनेवरच पितो. वाटा म्हणजे भावाने केलेलं अन्याय्य नव्हतं असं नाही. वाटा म्हणजे त्यातलं माझ्या हातात होतं तेवढं.

आणि एक अपवाद आधीच मोठ्याने सांगा: लहानपणी झालेला अत्याचार, मारहाण, लैंगिक छळ यांत चौथा रकाना नसतो. तिथे रेघ मारायची आणि तो विषय गटात न काढता समुपदेशकाशी एकट्याने बोलायचा.

वेळ वीस मिनिटं, नावं जास्तीत जास्त तीन, त्यातलंही पहिलं हलकं. सगळ्यात खोल जखमेपासून सुरुवात केली तर माणूस उघडा पडतो आणि दोन तासांत झाकता येत नाही. ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांच्यासोबत एक जुना मेंबर बसवा, पण तो त्यांच्या गावचा किंवा नात्यातला नको. दोन-तीन महिन्यांच्या आतल्यांना पूर्ण यादी करायला लावू नका. झोप नीट लागत नसते, डोकं जड असतं. त्यांनी पहिले दोन रकाने केले तरी पुष्कळ. कागद गोळा करू नका. ज्याचा त्याच्याकडे.

उत्तर – जुनी_रिळं

पिणं दाखवणारे सिनेमे पूर्ण बाद करावेत हे मला पटत नाही. आपल्या लोकांच्या डोक्यात ते आधीच आहेत. न दाखवताही त्यांच्यावर बोलता येतं, आणि बोललंच पाहिजे.

‘देवदास’ घ्या, बिमल रॉय यांचा १९५५ चा किंवा २००२ चा. एकही दृश्य न लावता गटाला विचारा, ‘देवदास कुणावर रागावला होता?’ वडील, समाज, पारो, अशी उत्तरं येतील. मग विचारा, ‘आणि त्या रागाची किंमत कुणी मोजली?’ पारोला पत्र त्यानेच लिहिलं, मागे तोच हटला. सिनेमा मात्र हे सगळं विरहाच्या सुरात गुंडाळतो आणि प्रेक्षक त्याच्यासोबत रडतो. ‘माझ्यावर अन्याय झाला म्हणून मी पितो’ या समजुतीला आपल्याकडे यापेक्षा देखणं रूप कुणी दिलेलं नाही.

त्याआधी आपल्याकडे गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ आहे, १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेला. सुधाकर हुशार वकील. कोर्टात अपमान होतो, सनद हातची जाते, आणि अपमान विसरायला म्हणून तळीराम पहिला प्याला पुढे करतो. अढीपासून प्याल्यापर्यंतचं अंतर किती कमी असतं ते तिथे लख्ख दिसतं. ज्येष्ठ मंडळींना नाटक माहीत असतं, त्यांनाच गोष्ट सांगायला लावा. सुधाकराचे चार रकाने सगळ्यांनी मिळून फळ्यावर भरा. परक्या माणसाची यादी आधी केली की स्वतःची करताना हात मोकळा होतो.

दाखवायचे नाहीतच असे दोन प्रकार. एक, ज्यात दारुड्या नायकाची आत्महत्या त्याग म्हणून येते. ‘आशिकी २’ (२०१३) तसा आहे. आपण गेलो तर घरच्यांची सुटका होईल हा विचार गटातल्या कुणाच्या तरी मनात आधीपासून असू शकतो. दुसरा, निश्चय केला आणि सुटली, असा शेवट. बिली वाइल्डरचा १९४५ चा ‘द लॉस्ट वीकेंड’ मोठा सिनेमा आहे. खिडकीबाहेर दोरीला बांधलेली बाटली, छताच्या दिव्यात लपवलेली बाटली, हे लपवाछपवीचं चित्रण आजही जसंच्या तसं खरं वाटतं. पण शेवटी नायक ग्लासात सिगारेट टाकतो आणि लिहायला बसतो. त्याच्या अवस्थेतल्या माणसाने रोजची दारू एकदम घरच्या घरी बंद केली तर साधारण ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात, आणि ४८ ते ९६ तासांच्या सुमारास भ्रम आणि तीव्र थरथर. जीव जाऊ शकतो. बंद करायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हे त्या सिनेमाविषयी बोलताना सांगावंच लागतं.

उत्तर – ओसरीवरून

घरच्यांच्या बाजूचा एक मुद्दा, कारण अशा सत्रानंतर लोक भरल्या मनाने घरी जातात आणि बायकोसमोर उभे राहून माफी मागतात. ती गप्प राहिली की नवी अढी.

माफी मागणं आणि भरपाई करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारा पायऱ्यांत आठवी यादीची आणि नववी प्रत्यक्ष भरपाईची, आणि नववीत अटही आहे: ज्याने त्यांना किंवा दुसऱ्या कुणाला इजा होईल तिथे नाही. चौथी केली आणि संध्याकाळी नववीवर उडी मारली, असं करायचं नाही. मध्ये चार पायऱ्या आहेत.

याचं उलटं उदाहरण म्हणजे ‘रेचल गेटिंग मॅरिड’ (२००८). व्यसनमुक्ती केंद्रातून बहिणीच्या लग्नासाठी आलेली किम लग्नाआधीच्या जेवणावळीत शुभेच्छा द्यायला उठते आणि बोलता बोलता स्वतःच्या पश्चात्तापावरच घसरते. शब्द खरे आहेत, वेळ बहिणीची आहे. तेवढा तुकडा पुरे. आधी बघून घ्या, टेबलावर ग्लास आहेत.

सुलट उदाहरण हिंदीत मिळतं: ‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) मधला व्हिक्टर. शेअर बाजारात वडिलांचे पैसे घालवलेत, सांगायची हिंमत नाही. तो खरं सांगतो आणि मग टॅक्सी चालवून फेडायला लागतो. खरं सांगणं आणि फेड सुरू करणं, दोन्ही. व्हिक्टरच्या मनात जीव द्यायचा विचार येतो तो भाग गाळून, वडिलांना सांगण्यापासून लावा. भाषांतराची गरजच नाही.

बायका-आया सत्राला येणार असतील तर त्यांना माफ करायला सांगू नका, सुचवूसुद्धा नका. ज्या बाईने दहा वर्षं मार खाल्ला तिचा राग ही तिची अढी नाही, तो तिचा पहारा आहे. तिच्यासाठी प्रश्न एवढाच: त्या रागामुळे तुमची झोप, जेवण, मुलांशी बोलणं बिघडतं का? त्याबद्दल काय करता येईल? नवऱ्याचा विषय तिथे मध्ये आणायचा नाही.

दुसरा_रविवार

सगळं उतरवून घेतलं. ‘फ्लाइट’मधला (२०१२) चौकशीचा प्रसंग घ्यावा असं एकाने सुचवलंय. आणि दोन तासांची विभागणी कशी करू?

गवत_आणि_रस्ता

‘फ्लाइट’मधला चौकशीचा प्रसंग चांगला आहे. विमानात सापडलेल्या रिकाम्या बाटल्यांचं खापर मेलेल्या सहकारी बाईवर फोडायची संधी पायलटला मिळते आणि तो ते नाकारतो. पण तो खोटं न बोलण्याचा प्रसंग आहे, अढीचा नाही. वेगळ्या सत्रासाठी ठेवा. आणि आदल्या रात्रीचा हॉटेलमधला फ्रिजचा प्रसंग कुठल्याच गटात नको, सगळा पडदा छोट्या बाटल्यांनी भरलेला असतो.

विभागणी अशी करा. सुरुवातीची १० मिनिटं प्रत्येकाने तलफ शून्य ते दहामध्ये सांगायची, आणि भूक, राग, एकटेपणा, थकवा यांपैकी काय आहे ते. पाचाच्या वर कुणी असेल तर त्याच्या शेजारी जुना मेंबर. मग सुधाकराचे रकाने फळ्यावर, १५ मिनिटं. तुकडे २०. शेवटच्या तुकड्यानंतर पूर्ण एक मिनिट कुणी बोलायचं नाही, दिवे लावायचीही घाई नको. कागद २० मिनिटं. शेअरिंग, म्हणजे प्रत्येकाने आपलं मोकळेपणाने सांगणं, ४०, माणशी अडीच-तीन मिनिटं, ज्याला बोलायचं नाही त्याने ‘पुढे’ म्हणायचं. सल्ला कुणी कुणाला द्यायचा नाही. उरलेल्या वेळात चहा आणि पुन्हा शून्य ते दहा. आकडा सुरुवातीपेक्षा दोनने वाढला असेल तर त्या माणसाला एकट्याला सोडू नका. संध्याकाळी सात आणि रात्री नऊला त्याला कोण फोन करणार ते तिथेच ठरवा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आणि १४४१६ ही टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, दोन्ही नंबर कागदाच्या मागे आधीच लिहून द्या.

सत्र सकाळी दहाला. दुपारी चारला ठेवलंत तर सुटायला सहा वाजतात, आणि बहुतेकांची जुनी वेळ तीच असते.