पेट्रोल की डिझेल : गाडीचा रोजचा वापरही पाहावा
खडकाळ, चढणीच्या वाटांवर न्यायच्या गाडीसाठी केवळ कमाल अश्वशक्तीचा आकडा पाहून पेट्रोल इंजिन घ्यावे, असे एक मत मांडले जाते; त्याच्याशी मी सहमत नाही. खडकाळ चढावर गाडी अगदी सावकाश न्यायची असते, तेव्हा इंजिनाच्या मिनिटाला १५०० ते २००० फेऱ्यांच्या आसपास मिळणारा टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, मोलाचा ठरतो आणि टर्बो डिझेल इंजिन तो सहज देते. लो रेंज गिअर, म्हणजे वेग कमी करून चाकांचा जोर वाढवणारा जादा गिअर, असल्यास हा फरक बराच कमी जाणवतो, हेही खरे. मला काळजी वाटते ती रोजच्या वापराची. गाडी बहुतेक दिवस चार-पाच किलोमीटरच धावणार असेल, तर डिझेल गाडीच्या डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातील काजळी अडवणाऱ्या गाळणीत, साठलेली काजळी जळण्याइतकी उष्णता निर्माणच होत नाही आणि ती गाळणी तुंबत जाते. अशा वापरासाठी मात्र मी निःसंकोच पेट्रोलच सुचवेन.