टॅरो डायरी: रोज एक पत्ता काढल्यावर नेमकं लिहायचं काय?

प्रश्न: रोज टॅरोच्या चित्रपत्त्यांतला एक पत्ता काढून वहीत लिहिते, पण उतरतो तो पुस्तकातलाच अर्थ. स्वतःची समज वाढावी म्हणून लिहिण्याची पद्धत कशी बदलू?

उत्तर १: पुस्तक शेवटी उघडा. आधी पाच मिनिटं फक्त डोळ्यांना दिसतं ते लिहा. रायडर-वेट या प्रसिद्ध टॅरो संचातल्या हर्मिट (एकांतवासी) पत्त्यात कंदिलात सहा टोकांची चांदणी आहे, पायाखाली बर्फ आहे, मान खाली आहे. मग तुमचा अर्थ, दोन ओळींत. रात्री वेगळ्या शाईने दिवसात काय घडलं ते लिहा. सकाळची नोंद मात्र खोडायची नाही. घडून गेल्यावर अर्थ जुळवून घेतला की शिकणं तिथेच थांबतं.

उत्तर २: बांधीव वहीपेक्षा सुट्या पानांची फाइल घ्या, प्रत्येक पत्त्याला एक पान. तारखेनुसार लिहिलं तर एकाच पत्त्याच्या नोंदी विखुरतात. तारीख, प्रश्न, सुलटा की उलटा, आणि संचाचं नाव हवंच. रायडर-वेटमध्ये (१९०९) स्ट्रेंग्थ या पत्त्याचा क्रमांक ८ आणि जस्टिसचा ११, मार्सेच्या जुन्या फ्रेंच संचात नेमकं उलट. नुसता आकडा लिहिला की घोळ!

उत्तर ३: मनासारखा पत्ता येईपर्यंत पुन्हा पुन्हा काढू नका, नोंदींना अर्थच उरत नाही. बहुतेक जण अडतात ते १६ दरबारी पत्त्यांवर (चार रंगांतले राजा, राणी, सरदार आणि सेवक). तिथे एकेकटा पत्ता घेऊ नका. चारही राजे शेजारी मांडा आणि फरक लिहा. कप्स (पेले) या रंगाच्या राजाचं सिंहासन समुद्रावर आहे, तरी त्याचे पाय पाण्याला लागत नाहीत. का, यावर अर्धं पान सहज भरतं.