शून्यावर आणा म्हणे! त्या पोस्टला उत्तर

जेलरोड_रिपेअर
काल इथे एकांनी लिहिलं, 'आठवड्यातून एकदा मोबाईल पार बंद पडेपर्यंत वापरा, मग रात्रभर चार्जिंगला लावा, बॅटरी पाच वर्षं टिकते.' खाली सगळ्यांनी हात जोडलेत. इंदूरच्या जेल रोडवर 19 वर्षं मोबाईल दुरुस्त करतोय, मला गप्प बसवत नाही. शून्यावर आणायची पद्धत जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीची. तिला अर्धवट चार्जिंगची सवय लागायची. आजच्या फोनमधल्या लिथियम-आयनला ती खोड नाही. तिला तळ गाठणंही सोसत नाही आणि शंभरवर तासन्‌तास पडून राहणंही. भरलेला सेल 4.2 व्होल्टच्या आसपास असतो, त्यात वरून उष्णता मिळाली की आतलं रसायन झपाट्याने बिघडतं. म्हणून मी सांगतो, 80 वर थांबवा. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, स्कूटरच्या डिक्कीत फोन ठेवणारे, डॅशबोर्डवर नकाशा लावून चार्जिंग करणारे, जूनमध्ये सगळे माझ्या काउंटरवर असतात.

निवृत्त_वीजमंडळ
पोस्ट माझी आहे. वीज मंडळात 34 वर्षं काढली, सबस्टेशनच्या बॅटऱ्या सांभाळल्या. माझा फोन चौथ्या वर्षात आहे. रात्री दहाला लावतो, पहाटे पाचला काढतो. अनुभव खोटा का?

जेलरोड_रिपेअर
काका, अनुभव खोटा म्हणालो नाही. पण सबस्टेशनची लेड-ॲसिड बॅटरी तुम्ही दर आठवड्याला रिकामी करत होतात का?

निवृत्त_वीजमंडळ
तिची गोष्ट वेगळी. आणि शून्यावर आणल्यावर माझ्या फोनचे टक्के बरोबर दिसायला लागले, हे डोळ्यांनी पाहिलंय.

जेलरोड_रिपेअर
ते मान्य. टक्के मोजणारा हिशेब कालांतराने चुकतो, एकदा पूर्ण रिकामी करून भरली की जुळतो. पण सुधारतो तो आकडा. बॅटरी नाही सुधारत. दोन-चार महिन्यांतून एकदा करा, दर आठवड्याला कशाला?

रात्रपाळी_डिलिव्हरी
दादा, तुमचं '80 वर थांबवा' मला पटत नाही. दोन वर्षांनी 20 टक्के जातील म्हणून आजच 20 टक्के सोडून द्यायचे? मागच्या पावसाळ्यात आईला रात्री दवाखान्यात नेलं, फोन 80 लाच काढला होता. भावाला पत्ता सांगता सांगता बंद पडला. गेटवर उभा राहून अनोळखी माणसाचा फोन मागितला मी. बॅटरी माझ्यासाठी आहे, मी बॅटरीसाठी नाही.

जेलरोड_रिपेअर
भाऊ, तुझं बरोबर आहे. दिवसभर रस्त्यावर असशील तर शंभर भर, निघायच्या थोडं आधी भर. मी बोलतोय ते घरी बसून फोन कायम चार्जरला टांगून ठेवणाऱ्यांबद्दल. अजून एक, दोनदा 50-50 टक्के वापरलेस तर ते एकच चक्र, म्हणजे एकदाच पूर्ण वापरल्यासारखं धरतात. थोडं थोडं चार्ज केल्याने बॅटरी लवकर मरत नाही.

सुदामानगरची_मावशी
तुमची ही चक्रं राहू द्या. तुमच्याच बाजारातल्या एका दुकानातून 'ओरिजिनल' म्हणून बॅटरी बसवून घेतली. पाच महिन्यांत फुगली. बिलावर फक्त 'बॅटरी 1' लिहिलेलं. दुकानदार म्हणतो, मावशी, चार्जर तुमचा खराब. दुरुस्तीवाल्यांनी आधी आपलं घर झाडावं.

जेलरोड_रिपेअर
अशी दुकानं आहेत, नाकारत नाही. फुगलेली बॅटरी कुठे टाकलीत?

सुदामानगरची_मावशी
सुक्या कचऱ्यात. अजून कुठे?

जेलरोड_रिपेअर
मावशी!! गाडीत कचरा दाबला जातो. सेल चेपला की आग लागते आणि ती सहज विझत नाही.

रामबाग_राहणार
2017 पासून स्वच्छतेत पहिले म्हणून मिरवतो आपण. गाडीवर ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा आहे, रोज डोळ्यांसमोरून जातो. तरी बॅटरी सुक्यात. लाज वाटली पाहिजे.

सुदामानगरची_मावशी
लाज मला? आमच्या गल्लीत गाडी सकाळी पावणेसातला येते, दोन मिनिटं थांबते. मी जिना उतरेपर्यंत पुढे. एका हातात ओला, एका हातात सुका. कप्पे शोधायला तिसरा हात आणू कुठून?

रामबाग_राहणार
गाडीवरची मुलं हातमोज्यांनी तो कचरा चिवडतात. भाजतील ती. माझ्या मित्राचा मुलगा आहे त्या कामावर, म्हणून जीव तुटतो.

सुदामानगरची_मावशी
हे आधी सांगायचं. लाज काढायची गरज नव्हती. पुढच्या वेळी वेगळी देईन.

जेलरोड_रिपेअर
देताना टोकांवर चिकटपट्टी लावा. टोचू नका, दाबून हवा काढायचा प्रयत्न तर मुळीच नको. परवा एकाने टाचणी लावली. आधी नेलपॉलिशसारखा गोडसर वास, मग धूर. काउंटरवर वाळूची बादली ठेवतो म्हणून वाचलो.

निवृत्त_वीजमंडळ
फुगलेली ओळखायची कशी?

जेलरोड_रिपेअर
फोन टेबलावर पालथा ठेवून एका कोपऱ्यावर बोट दाबा. डुगडुगला तर संशय घ्या. अंधारात स्क्रीन लावून कडा बघा, फटीतून उजेडाची रेघ दिसली की समजा. पाठ फुगली तरी तेच.

निवृत्त_वीजमंडळ
आत्ता दिवा बंद करून पाहिलं. डाव्या कडेला, खालच्या बाजूला रेघ दिसतेय. त्याचं कारण रात्रभराचं चार्जिंगच आहे, हे मी अजून मानत नाही. उद्या दुकान किती वाजता उघडतं?

जेलरोड_रिपेअर
अकराला. आज रात्री चार्जिंगला लावू नका काका, बंद करून उशीपासून लांब, फरशीवर ठेवा.