हिपॅटायटिस सी आणि लघवीत प्रोटीन: स्टेरॉइड सुरू करावं का?

डोंबिवली_बालरोग
मुलगा ९ वर्षांचा, वजन २२ किलो, उंची १२० सेंमी. थॅलेसेमिया मेजर (जन्मजात रक्ताचा आजार), नियमित रक्त चढतं, डेफरासिरॉक्स (जादा लोह काढणारी गोळी) चालू. अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस सीची अँटीबॉडी) रिअ‍ॅक्टिव्ह. आठवडाभर सकाळी डोळ्यांखाली सूज. डिपस्टिकवर (लघवी तपासायची पट्टी) प्रोटीन ३+, रक्त २+. बीपी ११८/८०. क्रिएटिनिन ०.८, म्हणजे नॉर्मल. नेफ्रोटिक (किडनीतून खूप प्रोटीन गळणं) धरून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड द्यावं की किडनीच्या बायोप्सीला पाठवावं?

परळ_नेफ्रो
प्रेडनिसोलोन सुरू करू नका. सूज दिसली की २ मिग्रॅ/किलो सुरू करायची आपल्याकडे सवय आहे, पण लघवीत रक्त आणि चढलेलं बीपी असताना हा साधा नेफ्रोटिक नाही. शिवाय स्टेरॉइडनं विषाणूला मोकळं रान मिळतं.

क्रिएटिनिन नॉर्मल नाही. लॅबची रेंज मोठ्यांची असते. मुलांसाठीचं श्वार्ट्झ सूत्र लावा: ०.४१३ × १२० (उंची) ÷ ०.८ (क्रिएटिनिन), जीएफआर (किडनीचा गाळण्याचा वेग) ६२ च्या आसपास येतो, म्हणजे कमी.

अँटीबॉडी म्हणजे कधीतरी संसर्ग झाला एवढंच. काहींच्या शरीरातून विषाणू आपोआप जातो, अँटीबॉडी मात्र राहते. आरएनए पीसीआर (विषाणू आत्ता रक्तात आहे का ते दाखवणारी तपासणी) पाठवा. तो निगेटिव्ह आला तर किडनीचं खापर हिपॅटायटिस सीवर फोडता येत नाही.

मग सी३, सी४ (रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं), आरए फॅक्टर. सी४ खूप खाली, सी३ थोडासाच कमी आणि आरए पॉझिटिव्ह, तर क्रायोग्लोब्युलिनचा (हिपॅटायटिस सीमध्ये तयार होणारी, थंडीत साकळणारी प्रथिनं) संशय पक्का. उलट सी३ पडलेला, सी४ ठीक आणि अंगावर पिकलेल्या खरजेचे डाग असतील तर स्ट्रेपनंतरचा (स्ट्रेप्टोकोकस जंतूच्या संसर्गानंतरचा) नेफ्रायटिस, म्हणजे किडनीची सूज, धरा. त्यात सी३ सहसा ६ ते ८ आठवड्यांत वर येतो.

डेफरासिरॉक्सही क्रिएटिनिन वाढवतं, प्रोटीन पाडतं. पण ते बहुधा ट्युब्युलचं (किडनीतल्या नलिकांचं): रक्तातली साखर नॉर्मल असून लघवीत साखर, फॉस्फेट कमी. डिपस्टिकला मुख्यतः अल्ब्युमिन कळतं, म्हणून सकाळच्या पहिल्या लघवीचा प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो करा (२ च्या वर नेफ्रोटिक). कारण कळेपर्यंत गोळी बंद, हिमॅटॉलॉजिस्टला विचारून.

लॅब_ठाणे
क्रायोग्लोब्युलिनचा रिपोर्ट फुकट जातो तो बहुतेक वेळा नेण्याआणण्यात. पिकअपचा मुलगा सगळ्या ट्यूब आइसपॅकच्या डब्यात टाकतो, लोकलनं लॅबला पोचेपर्यंत प्रथिनं गुठळीबरोबर खाली बसलेली असतात आणि रिपोर्ट येतो "निगेटिव्ह". सिरिंज आणि साधी ट्यूब आधी ३७ अंशांवर गरम हवी. रक्त गोठून सीरम वेगळं होईपर्यंत तापमान तेच. सीरम नंतर ४ अंशांवर, आणि निगेटिव्ह म्हणण्याआधी ७ दिवस पाहायचं. पेशंटलाच लॅबमध्ये न्यावं हे उत्तम. नाहीतर ३७ अंशांच्या पाण्याचा थर्मास.

डोंबिवली_बालरोग
म्हणजे बायोप्सी अटळच? आणि अँटिव्हायरल तोवर थांबवायचं?

परळ_नेफ्रो
बायोप्सी हवीच, आधी प्लेटलेट आणि पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) बघून. प्लीहा मोठी असेल तर प्लेटलेट खाली असू शकतात. सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये बुडवू नका, इम्युनोफ्लुरोसन्स (चकाकत्या रंगानं अँटीबॉडी बघायची तपासणी) हातचं जातं. त्यासाठी वेगळा तुकडा, कशात पाठवायचा ते पॅथॉलॉजिस्टला आधी विचारा. अपेक्षा एमपीजीएन या प्रकारच्या नेफ्रायटिसची, पण मेम्ब्रेनस हा प्रकारही निघतो.

आरएनए पॉझिटिव्ह असेल तर अँटिव्हायरल बायोप्सीसाठी अडवून ठेवायचं कारण नाही. त्याआधी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी (हिपॅटायटिस बीच्या तपासण्या) बघा. सी हटला की दबलेला हिपॅटायटिस बी डोकं काढू शकतो. सोफोसबुविर-वेल्पाटासविर हे अँटिव्हायरल वयाच्या ३ वर्षांपासून चालतं: १७ ते ३० किलोच्या आत २००/५० मिग्रॅ, रोज एकदा, १२ आठवडे. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात औषध मोफत आहे, पण मुलांच्या डोसची गोळी केंद्रात शिल्लक आहे का ते आधी विचारा. अंदाजानं मोठ्यांची गोळी मोडू नका. सोबत ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल (अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या) देऊ नका, वेल्पाटासविर नीट शोषलं जात नाही. रिफाम्पिसिन (टीबीचं औषध), फेनिटोइन (फिटचं औषध) चालत नाही.

बीपी आणि प्रोटीनसाठी एनालाप्रिल ०.१ मिग्रॅ/किलोपासून, आठवड्याभरात पोटॅशियम आणि क्रिएटिनिन. पापड, लोणचं, फरसाण, वडापावची सुकी चटणी बंद. कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए निगेटिव्ह असेल तर विषाणू गेला, पण प्रोटीन उतरायला महिने लागतात. घाबरून मध्येच स्टेरॉइड नको. मात्र क्रिएटिनिन दिवसागणिक चढत असेल किंवा बायोप्सीत क्रेसेंट (किडनीच्या गाळण्यांतले चंद्रकोरीसारखे डाग, गंभीर सुजेची खूण) दिसले तर विषाणू जायची वाट बघू नका. मिथाइलप्रेडनिसोलोन (स्टेरॉइडचं इंजेक्शन), रितुक्सिमॅबचा (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी दाबणारं औषध) निर्णय त्याच दिवशी, भरती करून.