मदत हवी आहे: छोट्या लॅपटॉपवर डेबियन टाकायचं मराठी पान जुनं झालंय, काय काय बदलू?

कृष्णाकाठ

तातडीचं आहे. आमच्या वाचनालयाला देणगीत छोटे लॅपटॉप मिळालेत. त्यांवर डेबियन (लिनक्सचं एक वितरण, म्हणजे तयार संच) कसं टाकायचं ते आधीच्या एका स्वयंसेवकाने मराठीत नीट लिहून ठेवलंय, पण आता ते पान चालत नाही. पहिलीच लिंक मेलेली. दुसरीकडून आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची फाइल, उतरवली, तर बूट मेनूत पेनड्राइव्ह येतच नाही. पेनड्राइव्ह चांगला आहे, घरच्या डेस्कटॉपवर त्यावरून व्यवस्थित बूट होतं. वायफायची पायरीही फसते, ड्रायव्हर बनवायची मेक ही कमांड दिली की एररची रांग लागते. रविवारी तालुक्यातल्या बाकीच्या वाचनालयांची पोरं शिकायला येणार आहेत, त्यांच्या हातात हे पान द्यायचंय. पानात काय बदलू तेवढंच सांगा. नवीन घ्या, विंडोजच ठेवा असले सल्ले नकोत.

पाना_पक्कड

कुठले लॅपटॉप? कुठली आयएसओ? पेनड्राइव्ह कशाने बनवला? ज्योतिषीसुद्धा आधी जन्मवेळ विचारतो हो.

कृष्णाकाठ

साधे ११ इंची लॅपटॉप आहेत, टच आहे, की-बोर्ड सुटा होतो. कंपनीचं नाव घासून गेलंय. पान डेबियन ९ साठीचं आहे, २०१७ चं. त्यात "मल्टी-आर्च नेटइन्स्ट घ्या, न मिळाल्यास ३२-बिट घ्या" असं लिहिलंय (मल्टी-आर्च म्हणजे ३२ आणि ६४-बिट दोन्हींना चालणारी, नेटइन्स्ट म्हणजे बाकीचं नेटवरून उतरवणारी). मल्टी-आर्च कुठे मिळेना, डेबियन १३ ची ३२-बिटही दिसेना. म्हणून ६४-बिट घेतली.

सेवानिवृत्त_नाना

कृष्णाकाठराव, विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे लिनक्सचा निर्णय योग्यच. पण एवढी खटपट कशाला? गूगलचं क्रोमओएस फ्लेक्स टाका. आमच्या सोसायटीच्या ऑफिसात मीच टाकलं. पेनड्राइव्ह लावला, पुढे पुढे करत गेलो, झालं.

पाना_पक्कड

नाना, फ्लेक्सला किमान ४ जीबी रॅम लागते. अशा सुट्या की-बोर्डच्या यंत्रांत बहुधा २ जीबी असते, तीही बोर्डला चिकटवलेली.

सेवानिवृत्त_नाना

रॅम वाढवून घ्यावी मग.

पाना_पक्कड

नाना, चिकटवलेली म्हटलं ना.

रेश्मा_ठाणे

धागाकर्ते, एखाद्या लॅपटॉपवर अजून विंडोज आहे का? असेल तर सेटिंग्जमध्ये अबाउट उघडा. "३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर" असं आहे का ते बघा. आणि प्रोसेसरचं नाव अक्षर न अक्षर इथे टाका.

कृष्णाकाठ

हो, अगदी हेच वाक्य आहे. प्रोसेसर इंटेल ॲटम झेड३७३५एफ. रॅम २ जीबी. याचा पेनड्राइव्हशी काय संबंध?

रेश्मा_ठाणे

सगळाच. हा बे ट्रेल पिढीतला ॲटम, २०१४ चा. प्रोसेसर ६४-बिट आहे, पण यंत्र बनवणाऱ्यांनी त्यावर ३२-बिट यूईएफआय (यंत्र चालू होताना सगळ्यात आधी चालणारं फर्मवेअर) बसवलं, कारण सोबत स्वस्तातलं ३२-बिट विंडोज ८.१ द्यायचं होतं आणि यूईएफआयवर विंडोज नि फर्मवेअर एकाच बिटचे असावे लागतात. जुना बायोस मोडही या यंत्रांत नसतो. ३२-बिट यूईएफआय पेनड्राइव्हवर "ईएफआय/बूट" फोल्डरमध्ये बूटआयए३२.ईएफआय ही फाइल शोधतं. बऱ्याच ६४-बिट आयएसओंमध्ये फक्त बूटएक्स६४.ईएफआय असते. ती त्याला कळत नाही, म्हणून ते पेनड्राइव्हला यादीतच घेत नाही. तुमचा डेस्कटॉप ६४-बिट यूईएफआयचा, तिथे चालणारच.

(मोबाइलवरून लिहितेय, फाइलींची नावं देवनागरीत आहेत, समजून घ्या.)

पेठेतला_पेंग्विन

डेबियनच्या नादाला लागू नका. अँटीएक्स टाका, २ जीबीत पळतं. नाहीतर आर्च. बूटआयए३२ ची फाइल स्वतः ग्रबमधून (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) बनवायची आणि पेनड्राइव्हवर ठेवायची, दोन कमांडचं काम. माझ्याकडच्या तसल्याच टॅबवर आर्च मस्त चालू आहे.

पाना_पक्कड

दोन कमांड तुमच्यासाठी. उद्या तालुक्याच्या वाचनालयातली मुलगी ग्रब बनवत बसणार का?

पेठेतला_पेंग्विन

शिकेल ना. त्याशिवाय लिनक्स कळत नाही.

रेश्मा_ठाणे

पेंग्विन, प्रश्न पानाचा आहे, आर्चचा नाही.

कृष्णाकाठ, तुमची पेनड्राइव्हवरची आयएसओ नक्की कुठल्या वितरणाची? "६४-बिट घेतली" म्हणालात, डेबियनचीच का?

कृष्णाकाठ

नाही, मिंटची होती, आधीच उतरवलेली पडली होती. म्हटलं सगळ्या सारख्याच.

रेश्मा_ठाणे

डेबियन १२ ची एएमडी६४ (म्हणजे ६४-बिट, इंटेललाही चालते) नेटइन्स्ट घ्या. तिच्यात ३२-बिट यूईएफआयच्या फाइली आता आतच असतात, मल्टी-आर्चची गरज त्यामुळेच उरली नाही. पण माझ्यावरही विश्वास ठेवू नका, पेनड्राइव्ह बनवलात की "ईएफआय/बूट" उघडून बूटआयए३२ आहे का ते डोळ्यांनी बघा. पानातही हेच लिहा. लिंक आणि आवृत्तीचा नंबर बदलत राहील, ही फाइल बघण्याची पायरी कुठल्याही वितरणाला लागू पडते. फेडोराच्या आयएसओतही २७ व्या आवृत्तीपासून ३२-बिट यूईएफआयची सोय आहे.

आणि "न मिळाल्यास ३२-बिट घ्या" ही ओळ आजच उडवा. डेबियन १३ मध्ये आय३८६, म्हणजे ३२-बिटसाठी इन्स्टॉलरही नाही, कर्नलही (सिस्टिमचा गाभा) नाही. ती ओळ वाचून माणूस दिवसभर लिंक शोधत बसेल. मिश्र प्रकार, म्हणजे ३२-बिट फर्मवेअरवर ६४-बिट कर्नल, हे कर्नल ३.१५ पासून चालतं, डेबियनने ८ पासून उचललं. ३२-बिट डेबियनची या यंत्रांना गरजच नव्हती.

भाकरतुकडा

मराठी टाइप करायला इन्स्क्रिप्ट हवं असेल तर आयबस आणि एम१७एन बसवा, मग सेटिंग्जमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट निवडा. फोनेटिकही मिळतं. फॉन्ट लोहित किंवा नोटो.

कृष्णाकाठ

धन्यवाद, पण हे विचारलंच नव्हतं.

भाकरतुकडा

पुढे विचाराल म्हणून आधीच सांगितलं. वाचनालय आहे ना.

हॅम्बुर्गची_पावभाजी

थोडं वेगळं सुचवते. वाचनालयाचं पान दुरुस्त करण्यापेक्षा डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलेशन गाइडमध्ये हा भाग मराठीत जाईल असं बघा. ते डॉकबुकमध्ये लिहिलेलं आहे, भाषांतरं पीओ फाइलींतून करता येतात. इन्स्टॉलर स्वतः मराठीत आहेच, फक्त ग्राफिकल इन्स्टॉल निवडावा लागतो, साध्या मजकुरी पडद्यावर देवनागरी येत नाही.

पाना_पक्कड

रविवारी कार्यक्रम आहे ताई.

हॅम्बुर्गची_पावभाजी

रविवारनंतर करा. दर दोन वर्षांनी कुणी ना कुणी हाच धागा काढतं आणि माहिती कुठल्यातरी वाचनालयाच्या पानावर पडून राहते, म्हणून म्हटलं.

कृष्णाकाठ

बूट झालं! १२ च्या एएमडी६४ ने. बूटआयए३२ होती फोल्डरमध्ये. पण आता वायफाय. पानात लिहिलंय की गिटहबवरून आरटीएल८७२३बीएस या वायफाय चिपचा ड्रायव्हर उतरवा, मेक करा, मेक इन्स्टॉल करा. ते होत नाही हे वर लिहिलंच होतं.

रेश्मा_ठाणे

एक मिनिट. आत्ता कुठे बूट झालंय, मग मेक कुठल्या यंत्रावर केलं होतंत?

कृष्णाकाठ

एकावर जुनं डेबियन ९ होतं, त्याला अपग्रेड करत करत १२ पर्यंत आणलं होतं. त्यावर.

पाना_पक्कड

हे आत्ता सांगताय!

रेश्मा_ठाणे

हरकत नाही, उलट उत्तर सोपं झालं. डेबियन ९ चं कर्नल ४.९. आरटीएल८७२३बीएस कर्नलमध्ये आला ४.१२ ला, २०१७ मध्ये, स्टेजिंग (अजून कच्च्या ड्रायव्हरांच्या) विभागात. म्हणजे पान लिहिणाऱ्याला बाहेरून ड्रायव्हर घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि तुम्हाला घ्यायची गरजच नाही. १२ चं कर्नल ६.१ आहे, तो २०१७ चा कोड त्यावर बनणार कसा? वायफायची ती पूर्ण पायरी काढून टाका. फर्मवेअरही वेगळं उतरवायला नको. २०२२ मधल्या मतदानानंतर डेबियनने फर्मवेअर अधिकृत आयएसओतच घातलं, १२ पासून. अपग्रेड केलेल्या यंत्रावर मात्र सोर्सेसच्या यादीत नॉन-फ्री-फर्मवेअर जोडून फर्मवेअर-रिअलटेक हे पॅकेज बसवावं लागेल, १२ मध्ये तो विभाग नव्याने वेगळा केलाय.

आणि इन्स्टॉलच्या वेळी वायफायने दगा दिलाच तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करायचं. इन्स्टॉलरला ती साधी वायरची नेटवर्क दिसते. हे पानात ठळक लिहा, गावात फार उपयोगी पडतं.

पेठेतला_पेंग्विन

यूएसबी पोर्ट एकच असतो त्यावर, तोही मायक्रो. पेनड्राइव्ह लावू की फोन?

रेश्मा_ठाणे

हा मुद्दा बरोबर. ओटीजी हब लागेल, म्हणजे मायक्रो पोर्टला एकाहून जास्त यूएसबी वस्तू जोडता येतील असा. सामानाच्या यादीत पहिलं नाव तेच हवं. की-बोर्ड पिनांवर बसणारा असेल तर ठीक, ब्लूटूथचा असेल तर यूएसबी की-बोर्डही त्याच हबवर.

सेवानिवृत्त_नाना

हब चांगला घ्यावा. मी घेतलेला स्वस्तातला होता, पेनड्राइव्ह मध्येच गळून पडायचा, म्हणजे दिसेनासा व्हायचा. बाहेरून वीज घेणारा हब असल्यास उत्तम. शिवाय आमच्या वेळी फ्लॉपीवरून...

पाना_पक्कड

नाना, फ्लॉपीसाठी वेगळा धागा काढा, मी येतो तिथे.

कृष्णाकाठ

इन्स्टॉल पूर्ण झालं. रीस्टार्ट केल्यावर काळा पडदा आणि "नो बूटेबल डिव्हाइस". आता?

पाना_पक्कड

इन्स्टॉलरने शेवटी विचारलं असेल, ग्रब ईएफआयच्या रिमूव्हेबल मीडिया जागेवरही टाकू का. काय उत्तर दिलंत?

कृष्णाकाठ

नाही म्हटलं. पेनड्राइव्ह काढायचा होता ना, रिमूव्हेबल कशाला?

पाना_पक्कड

सगळे तसंच वाचतात. इथे "हो" म्हणायचं. या स्वस्त यंत्रांचं फर्मवेअर अनेकदा आपण नोंदवलेली बूट एंट्री विसरतं, आणि मग आतल्या डिस्कवरही तेच "ईएफआय/बूट" फोल्डर बघतं. ग्रब तिथे असला की काम झालं. पेनड्राइव्हवरून रेस्क्यू मोडमध्ये जा, तिथे "फोर्स ग्रब इन्स्टॉलेशन टू द ईएफआय रिमूव्हेबल मीडिया पाथ" असा पर्याय आहे. पानात हा प्रश्न शब्दशः लिहा आणि शेजारी "हो". आणि डिस्कचं नाव एमएमसीबीएलके० असेल, एसडीए नाही, हेही लिहा. पेनड्राइव्ह मात्र एसडीए असतो, घाईत लोक उलटसुलट करतात.

पेठेतला_पेंग्विन

ग्रबच्या ओळीत इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१ टाकायला विसरू नका. नाहीतर बे ट्रेल मधेच गोठतो. पडदा जागच्या जागी, माउस मेलेला.

रेश्मा_ठाणे

ती ओळ आता सरसकट देऊ नये. जुन्या कर्नलवर हवीच होती, त्यावर बगझिलात लांबलचक चर्चा आहे. पण तिने प्रोसेसरला खोल झोप घेता येत नाही आणि बॅटरी लवकर उतरते. माझ्याकडच्या बे ट्रेलवर ६.१ बिनबोभाट चालतं.

पेठेतला_पेंग्विन

तुमचं चालतं म्हणजे सगळ्यांचं चालेल असं नाही. वाचनालयात यंत्र गोठलं की पोरं बटण दाबून बंद करणार आणि ईएमएमसीची (आतल्या डिस्कची) वाट लागणार. सुरक्षित ते लिहावं.

रेश्मा_ठाणे

म्हणून "गोठत असेल तर" या शीर्षकाखाली लिहा. पहिल्या पायरीत नको. सगळ्यांनी डोळे मिटून टाकायच्या ओळींतूनच हे पान जुनं झालंय.

पेठेतला_पेंग्विन

ठीक. "गोठत असेल तर" मान्य. पण शीर्षक पानाच्या वरच्या अर्ध्यात हवं, तळाला कोणी जात नाही.

पाना_पक्कड

हे बाकी पटलं.

कृष्णाकाठ

रेस्क्यू मोडमधून ग्रब बसला. सुरू झालं! पण पडदा आडवा पडलाय, म्हणजे लॉगिन बाजूला झोपलेलं दिसतं.

रेश्मा_ठाणे

आत पॅनेल टॅबलेटचं उभं बसवलेलं असतं. कर्नलकडे अशा मॉडेलांची यादी असते, तुमचं त्यात नसावं. ग्रबच्या ओळीत एफबीकॉन=रोटेट:१ टाकून बघा, उलट फिरलं तर ३. डेस्कटॉपचा पडदा डिस्प्ले सेटिंग्जमधून वेगळा फिरवावा लागेल. टच चालतोय का?

कृष्णाकाठ

१ ने लॉगिन सरळ झालं. टच नाही चालत. पण वाचनालयात टच नकोच, पडद्यावर बोटं उमटतात.

रेश्मा_ठाणे

मग सोडा. नाहीतर सिलेड या टचच्या चिपचं फर्मवेअर जुन्या विंडोजमधून काढून घ्यावं लागलं असतं, ती वेगळीच कसरत. पानात "टच तपासलेला नाही" एवढं लिहा, म्हणजे पुढचा माणूस अडणार नाही.

सेवानिवृत्त_नाना

लॅपटॉपच्या पडद्याला ओल्या फडक्याने पुसू नये. मायक्रोफायबर वापरावं.

हॅम्बुर्गची_पावभाजी

पानाच्या वर तीन गोष्टी टाका: कुठल्या यंत्रावर तपासलं, कुठल्या आवृत्तीवर, कधी. यंत्राचं नाव घासलं असलं तरी लिनक्समध्ये डीएमआयडीकोड चालवलं की बोर्डचं नाव कळतं. आणि फर्मवेअर किती बिटचं ते "सिस/फर्मवेअर/ईएफआय" मधल्या एफडब्ल्यू_प्लॅटफॉर्म_साइझ या फाइलीत असतं, ३२ किंवा ६४ एवढंच लिहिलेलं.

कृष्णाकाठ

बघितलं. ३२. बोर्डच्या नावाच्या जागी मात्र "टू बी फिल्ड बाय ओईएम" असं लिहून आलंय.

पाना_पक्कड

हा हा. मग पानात तेच लिहा, निम्म्या महाराष्ट्राची यंत्रं त्याच नावाची निघतील.

पेठेतला_पेंग्विन

झीरॅम (मेमरीतला डेटा दाबून जागा वाचवायची सोय) टाकायला विसरू नका. २ जीबीत ब्राउझर उघडला की संपलं. डेस्कटॉप एलएक्सक्यूटी घ्या, ग्नोम नको.

कृष्णाकाठ

एक्सएफसीई टाकलंय, राहू दे. पान लिहायला बसतो. बदल असे करतोय: मल्टी-आर्च आणि ३२-बिट दोन्ही ओळी बाद, वायफायचा मेक बाद, सुरुवातीला ओटीजी हब आणि बूटआयए३२ बघायची पायरी, रिमूव्हेबलला "हो", सीस्टेट "गोठत असेल तर" खाली. कोणाकडे तसलंच यंत्र आणि शनिवारी मोकळा वेळ असेल तर कच्चं पान वाचून, फक्त पानावर बघून इन्स्टॉल करून दाखवा. मला फोन न करता.

भाकरतुकडा

माझ्याकडे आहे, करतो. त्यात इन्स्क्रिप्टचा भाग टाकणार ना?

कृष्णाकाठ

टाकतो बाबा. तुम्हीच लिहून पाठवा.